गोजराला विचारा

मनीषाचं माहेरचं नाव गोजरा. सायखेड्याला तिची आजी गोजराबाई होती. आजी गेली त्याच वर्षी ही जन्मली, म्हणून तेच नाव ठेवलं. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवीन नाव लिहायचं. माझ्या आत्याने, कुसाबाईने, आधीच ठरवलं होतं की गोजरा हे म्हातारीचं नाव वाटतं, मनीषा ठेवा. मी मनीषा लिहिलं. माझं अक्षर शाळेतही कुणाला लागायचं नाही आणि तांदळात तर काय विचारता. ती शेजारी बसून बघत होती. हळूच म्हणाली, "वाचून दाखवा की. म्हणजे मी कोण झाले ते मला कळेल." आम्हा दोघांनाही हसू आलं. ते हसू आमच्या लग्नाच्या फोटोत आहे.

ती जाऊन आता वर्ष होत आलं. भेटायला येणारे लोक तिच्या स्वभावाचं सांगतात, हाताच्या चवीचं सांगतात. ते खरं आहे. पण तिचं जे काम मी जवळ बसून पाहिलं ते फार लोकांना माहीत नाही. ते सांगावंसं वाटतं.

आम्ही मखमलाबादच्या बाजूला शेवंती आणि झेंडू लावतो. मी बारावीनंतर शिकलो नाही. मनीषा बी.कॉम. झालेली. लग्नानंतर तिने कॉम्प्युटरचा क्लास लावला आणि सातपूरच्या एका कारखान्यात हिशेबाच्या टेबलावर लागली. तिथला कॉम्प्युटर बंद पडला की दुरुस्तीवाला यायच्या आत ही तो उघडून बघायची. पुढे कारखान्यानेच तिला हिशेबातून उठवून कॉम्प्युटरच्या खोलीत बसवलं. घरी ती कामाचं फारसं बोलायची नाही. एखादं अवघड काम जमलं की येताना भेळ आणायची. भेळेची पुडी दिसली की मी विचारायचो, "आज कोण बरं झालं?"

मी सांगतोय ते २००४ सालचं आहे. माझ्या बहिणीची मुलगी भाग्यश्री मनमाडची. लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत तोच तिचा नवरा अपघातात गेला. ती माहेरी परत आली आणि शाळेत शिकवायला लागली. वय पंचविशीचं. घरच्यांना तिचं पुन्हा लग्न करायचं होतं आणि तिलाही करायचं होतं. अडचण होती ती पिवळ्या पानांची.

आमच्या समाजाचं वधू-वर सूचक मंडळ आहे. तुळशीचं लग्न झालं की पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयात मेळावा भरतो. मंडळ त्यासाठी पुस्तिका छापायचं. आधी मुली, मग मुलं, सगळी पांढऱ्या कागदावर. शेवटची काही पानं मात्र पिवळ्या कागदाची असायची. त्यात विधवा, विधुर आणि काडीमोड झालेले. लोक पुस्तिका हातात घेतली की पिवळी पानं अंगठ्याखाली दाबून धरायचे आणि बाकीची चाळायचे. मीही तशीच चाळत आलो होतो. त्यात कुणाला वावगं वाटायचं नाही.

भाग्यश्री मनीषाला म्हणाली, "मामी, पिवळ्या पानांत माझं नाव नको. मी काय आजारी आहे का? त्यापेक्षा नाव नकोच."

दुसऱ्या दिवशी मनीषा मला म्हणाली, "अहो, मला अण्णांकडे घेऊन चला."

चिमाजी अण्णा मंडळाचे अध्यक्ष. भाजीचे जुने व्यापारी. आवाज असा की फोन नसता तरी त्यांचं चाललं असतं. मनीषाने त्यांना सांगितलं की यंदा पुस्तिका वाटू नका. सगळी माहिती कॉम्प्युटरवर ठेवू. एका मोठ्या मशीनवर सगळी नावं, आणि कार्यालयात भिंतीला मांडलेले बाकीचे कॉम्प्युटर त्या मोठ्या मशीनला विचारतील. शिक्षण, गाव, वय, शेती, नोकरी, ज्याला जे हवं ते त्याने विचारायचं. जुळतील तेवढी नावं मशीन काढून देईल.

"आणि पिवळी पानं त्यात कुठं बसवायची?" अण्णांनी विचारलं.

"त्यात पानंच नसतात, अण्णा."

"मग बाई विधवा आहे हे लोकांना कळायचं कसं?"

"तिच्या माहितीत लिहिलेलं असेल. लपवायचं नाही. वेगळंही काढायचं नाही."

अण्णा बराच वेळ दाढीवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "सूनबाई, मी पुस्तिका छापून ठेवतो. दरवर्षीसारखी, पिवळ्या पानांसकट. मेळाव्याच्या सकाळी तुझं मशीन चालू दिसलं तर गठ्ठे बांधलेले राहतील. नाही दिसलं तर मी गठ्ठे सोडणार. मग डोळ्यांतून पाणी काढायचं नाही."

"नाही काढणार," मनीषा म्हणाली.

तिने भाग्यश्रीला फॉर्म भरायला लावला. मशीन चाललं नाही तर नाव पिवळ्यात वाटलं जाणार हे सांगूनच लावला. म्हणाली, "पिवळ्या पानावर तुझं नाव कुणी वाचणार नाही. हा माझा शब्द."

प्रोग्रॅम लिहिला ललितने. हा अण्णांचा पुतण्या, पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत होता. नावं साठवायला त्याने एका मोठ्या कंपनीचं डेटाबेस सर्व्हर सॉफ्टवेअर धरलं होतं. त्याच्या सीड्या मंडळाकडे आल्या. त्यासोबत एक कागद होता. त्यावर लिहिलं होतं की हे सॉफ्टवेअर अमुक, अमुक आणि अमुक एवढ्याच ऑपरेटिंग सिस्टीमवर चालेल. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे मशीनमधलं मूळ घर, असं मनीषाने मला सांगितलं होतं. बाकीचे प्रोग्रॅम त्या घरात राहायला येतात.

मंडळाचं मोठं मशीन अण्णांनी दुकानदाराशी घासाघीस करत करत मेळाव्याच्याच आठवड्यात आणलं. अगदी नवं कोरं. पंचवटीत त्या कार्यालयाला लागूनच मंडळाची खोली आहे, तिथे ते टेबलावर ठेवलं. मनीषाने कारखान्यातून रजा घेतली. कार्यालयाला झेंडूची तोरणं आमच्याकडूनच जायची होती, म्हणून मी फुलांच्या पाट्या तिथेच उतरवल्या. कुसाबाई आत्याही आली. आम्ही दोघं जमिनीवर ओवत बसलो आणि मनीषा टेबलाशी.

तिने कागदावरच्या यादीतली एक सिस्टीम घातली. ती सीडी दोन-तीन वर्षांची जुनी. थोडा वेळ चालली आणि म्हणाली, हार्ड डिस्क सापडत नाही.

"अगं, डिस्क आहे ना आत?" मी विचारलं.

"आहे. पण नव्या जातीची आहे. ही सिस्टीम बनली तेव्हा अशी डिस्क नव्हती. त्यामुळे तिला ती दिसतच नाही."

मग तिने कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेली लिनक्स नावाच्या सिस्टीमची नवी सीडी घातली. तिला डिस्क लगेच दिसली. घर छान उभं राहिलं. मनीषा खूश झाली. मग तिने डेटाबेसची सीडी घातली. एक खिडकी उघडली, दोन ओळी आल्या आणि खिडकी बंद झाली. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

तिने ललितला फोन लावला. तो म्हणाला, "काकू, ती सिस्टीम कंपनीच्या यादीत नाही. तिच्यावर टाका असं मी अधिकृत सांगू शकत नाही."

"अनधिकृत सांग."

"अनधिकृत मलाही माहीत नाही, काकू. आमच्याकडे असा फोन आला तर आम्ही सांगतो, यादीतली सिस्टीम घाला आणि पुन्हा फोन करा."

"यादीतल्या सिस्टीमला डिस्क दिसत नाही, आणि जिला डिस्क दिसते ती यादीत नाही."

"बरोबर," ललित म्हणाला. "म्हणजे अडचण तुम्हाला नीट समजलीय."

मनीषा हसली आणि फोन ठेवला. आत्याने विचारलं, "काय झालं गं?"

"आत्याबाई, पाहुणा दारात उभा आहे. घराचं नाव विचारतोय. नाव यादीतलं नाही म्हणून आत येत नाही."

"घर चांगलं हाय ना?"

"यादीतल्या घरांपेक्षा चांगलं आहे."

"मग लय शहाणा दिसतोय पाहुणा," आत्या म्हणाली आणि पुढचं फूल ओवलं.

यानंतर मनीषाने जे केलं ते मला तेव्हा साधं वाटलं. आता वाटत नाही. ती चिडली नाही आणि खिडकी उघडबंद करत बसली नाही. त्या पाहुण्याचं, म्हणजे डेटाबेसच्या सीडीचं, आतलं सगळं लिखाण तिने उघडलं आणि ओळीने वाचायला घेतलं. चहा गार झाला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "अहो, इकडे या. हे बघा. तो घर बघतच नाही. दारावरची पाटी वाचतो आणि परत फिरतो."

सिस्टीममध्ये एक लहानशी फाइल असते. तिच्यात एकच ओळ, की मी अमुक नावाची सिस्टीम आणि माझी आवृत्ती अमुक. पाहुणा फक्त तेवढी ओळ वाचत होता.

मनीषाने आत्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर लग्नाच्या फोटोतलं हसू आलं.

"आत्याबाई, तांदूळ आहेत का?"

"आता तांदूळ कशाला?"

"हिचं नाव बदलायचंय."

आत्याला कळायला थोडा वेळ लागला. मग ती इतकी हसली की सुई बोटात गेली. "लिव्ह, लिव्ह," म्हणाली. "पण चांगलं नाव ठेव. अन् उखाणा घ्यायला लाव तिला."

मनीषाने आधी ती फाइल जशीच्या तशी दुसरीकडे जपून ठेवली. मग मूळ ओळ पुसून तिथे यादीतल्या जुन्या सिस्टीमचं नाव लिहिलं. पाहुण्याला पुन्हा बोलावलं. त्याने पाटी वाचली आणि सरळ आत आला. खिडकी उघडली ती उघडीच राहिली. एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकायला लागली. आम्ही तिघं तिच्याकडे बघत होतो. पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली आणि थांबली. खाली लाल अक्षरं आली.

"आता काय म्हणतो?" मी विचारलं.

"नाव चाललं. आता जेवण चालत नाही म्हणतो."

तिने पुन्हा ललितला लावला. तो आधी विश्वासच ठेवीना. "काकू, तुम्ही तिथपर्यंत पोचलात कशा?" तिने सांगितलं. त्याने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "हे मी ऐकलेलं नाही. पण मला वाटतं, त्याला जुन्या लायब्ररी लागत असतील."

लायब्ररी म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना लागणारा घरातला समाईक माल. नव्या सिस्टीममध्ये तो नव्या पद्धतीचा होता आणि डेटाबेसला सवय जुन्याची. जुना माल मनीषाजवळ होता. ज्या सीडीला डिस्क दिसली नव्हती, तिच्यातच तो होता.

शनिवारी सकाळी तिने तो काढला आणि इथे तिची चूक झाली. दुसऱ्या दिवशी मेळावा, त्यामुळे तिलाही घाई झाली होती. तिने जुना माल नव्याच्या जागेवरच ठेवला. त्याबरोबर सगळं मशीन थंड पडलं. काहीही लिहा, ते उत्तर देईना. बंद करून चालू केलं तर चालूही होईना.

नेमके तेव्हाच चिमाजी अण्णा टेम्पो घेऊन आले. पुस्तिकांचे गठ्ठे खोलीत भिंतीला लावायला लागले.

"काय सूनबाई, झालं का?"

"नाही, अण्णा. होतं ते पण गेलं."

अण्णा वाईट माणूस नव्हते. त्यांनी मशीनकडे बघितलं, गठ्ठ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "उद्या सकाळी येतो." एवढंच म्हणून गेले.

ते गेल्यावर थोड्या वेळाने भाग्यश्री मनमाडहून आली. मेळाव्यासाठी ती आमच्याकडे राहणार होती. खोलीत शिरल्या शिरल्या तिला गठ्ठे दिसले. तिने एक गठ्ठा सोडला, पुस्तिका काढली आणि मागून उघडली. पिवळ्या पानावर आपलं नाव वाचलं. पुस्तिका परत ठेवून सुतळीची गाठ होती तशी मारली.

"मामी, राहू दे," ती म्हणाली. "मी उद्या कार्यालयात येत नाही. वाटतील तर वाटू देत."

मनीषाने मान वर केली नाही. "भाग्यश्री, खुर्चीवरची ती सीडी दे बरं इकडे."

"मामी, मी काय म्हणतेय?"

"ऐकलं मी. सीडी दे."

भाग्यश्रीने सीडी दिली. मनीषाने सिस्टीम पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली. त्यात एका ठिकाणी मशीन विचारतं, माझं नाव काय ठेवायचं? हे नाव म्हणजे सिस्टीमच्या पाटीवरचं नाही. ते त्या एका मशीनचं स्वतःचं नाव, घरात मुलाला ठेवतो तसं. आदल्या दिवशी तिने तिथे नुसतं 'मंडळ' लिहिलं होतं. आज तिने इंग्रजी अक्षरांत लिहिलं, गोजरा.

आत्याला इंग्रजी येत नाही. मला तेवढं वाचता आलं. मी मनीषाकडे बघितलं. ती म्हणाली, "पाहुण्यासाठी पाटी बदलू. हिचं नाव मात्र कुणी बदलायचं नाही."

सिस्टीम बसत होती तोवर आम्ही डबे उघडले. मनीषाच्या डब्याबरोबर नेहमी एक छोटी बरणी असायची, सायखेड्याच्या चटणीची. आमच्या घरी तिखट कमी. लग्न होऊन आली तेव्हा तिला आमची आमटी गोड लागायची. तिने आमची आमटी कधी बदलली नाही. माहेरहून चटणी आणायची आणि आपल्या ताटापुरती घ्यायची. आत्या त्यावरून पहिलं वर्षभर टोमणे मारत होती. पुढे ती पण मागून घ्यायला लागली.

मनीषाने बरणी उघडली आणि म्हणाली, "आत्याबाई, सकाळी मी काय केलं माहितीये? ही अख्खी बरणी तुमच्या पातेल्यात ओतली. सगळं घर उपाशी राहिलं."

"अन् आता?"

"आता बरणी वेगळी ठेवणार. फक्त पाहुण्याला सांगणार, तुझं जेवण तिथे आहे, तू तिथूनच घे. बाकी घर आपलं नेहमीचं खाईल."

"हे आधी नाय का सुचलं तुला?" आत्या म्हणाली. "एवढी वर्षं तेच तर करतीस."

मनीषाने हात धुतले आणि तसंच केलं. जुना माल एका वेगळ्या कप्प्यात ठेवला. डेटाबेससाठी एक वेगळा वापरकर्ता केला आणि त्याच्यापुरताच त्या कप्प्याचा पत्ता लिहिला. मूळ पाटी जपून ठेवली आणि तिच्या जागी यादीतल्या सिस्टीमचं नाव लिहिलं. पाहुण्याला बोलावलं. निळी पट्टी निघाली. अर्ध्याला आली. जिथे काल थांबली होती तिथे आली. भाग्यश्री माझ्या शेजारी तोरण ओवत होती, तिचा हात थांबला. पट्टी तिथे जरा रेंगाळली आणि पुढे गेली. शेवटपर्यंत गेली.

कुणी ओरडलं नाही. मनीषाने आणखी काही ओळी लिहिल्या, ललितचा प्रोग्रॅम चढवला, नावं चढवली. शेजारच्या छोट्या कॉम्प्युटरवरून विचारून बघितलं. गोजराने उत्तर दिलं. अजून उन्हं होती.

खोलीला कुलूप लावायच्या आधी ती परत टेबलाशी बसली. पाटीवरचं खोटं नाव पुसलं आणि जपून ठेवलेली मूळ ओळ परत तिथे आणली.

"आता कशाला?" मी म्हणालो. "चाललंय तर राहू दे की."

"पाहुणा आत आला, जेवला, राहायला लागला. आता परत पाटी वाचणार नाही तो," ती म्हणाली. "मग हिला हिचं नाव नको का?"

येताना तिने भेळ घेतली. आत्याने जास्त कांदा मागून घेतला.

मेळाव्याच्या सकाळी अण्णा कार्यालयात सगळ्यांच्या आधी येऊन उभे होते. गठ्ठे व्यासपीठाखाली आणून ठेवले होते. मनीषाने त्यांना एका कॉम्प्युटरसमोर बसवलं. "अण्णा, तुम्हीच विचारा."

"काय विचारू?"

"तुमच्या नात्यात कुणाला मुलगी बघायची असली तर काय बघाल?"

अण्णांनी विचार केला. "शिकलेली. नोकरी असली तर बरं. वय तिशीच्या आत. मनमाडच्या बाजूची चालेल." मनीषाने तसं तसं भरलं आणि बटण दाबलं. नावं आली. त्यात चौथं नाव भाग्यश्रीचं. फोटो, शिक्षण, शाळेतली नोकरी, उंची. आणि खाली एक ओळ, पूर्वी विवाह झाला आहे, पती हयात नाहीत. इतर ओळींएवढ्याच अक्षरांत.

अण्णांनी ते शेवटपर्यंत वाचलं. पुन्हा वर जाऊन फोटो बघितला. "ही नाथाची भाची ना? एवढी शिकलीय होय?" ते माझ्याकडे बघत म्हणाले. "इतक्या दिवसांत मला कुणी सांगितलं नाही."

"पिवळ्यात होतं, अण्णा," मनीषा म्हणाली. "कालच्या गठ्ठ्यात."

अण्णा उठले. व्यासपीठाजवळ गेले. मला वाटलं, गठ्ठे उचलून बाहेर ठेवायला सांगतील. त्यांनी एक गठ्ठा पुढे ओढला आणि त्यावर बसले. दिवसभर तिथेच बसून होते. कुणी पुस्तिका मागितली की म्हणायचे, "पुस्तिका खाली अडकलीय. तिकडे भिंतीला जा, मशीनला विचारा."

भाग्यश्री दुपारी आली. उशिरा आली, पण आली. मनीषाने तिला एका कॉम्प्युटरवर बसवलं, म्हाताऱ्या माणसांना टाइप करून द्यायला. इगतपुरीचा जीवन नावाचा रेल्वेतला मुलगा आपल्या आईला घेऊन तिच्याच रांगेत उभा होता. त्याच्या आईने जे जे सांगितलं ते भाग्यश्रीने भरलं. उत्तरात तिचं स्वतःचंच नाव आलं. तिने मान खाली घातली. जीवनची आई पडद्याकडे बघायची, मग तिच्याकडे, मग परत पडद्याकडे. म्हणाली, "अगं, ही तर तूच!" पलीकडच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

बोलणी व्हायला काही महिने गेले. लग्न इगतपुरीला झालं. ताटात तांदूळ पसरले तेव्हा गुरुजींनी विचारलं, नवीन नाव काय ठेवायचं? जीवनने मनीषाकडे बघितलं. त्याला कुणी काय सांगितलं होतं मला माहीत नाही. त्याने भाग्यश्री असंच लिहिलं. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे.

पुस्तिका पुन्हा कधी छापली नाही. मशीन मात्र आजही मंडळाच्या खोलीत त्याच टेबलावर आहे. ललितने मध्यंतरी येऊन बघितलं आणि म्हणाला, "कागदानुसार हे चालायलाच नको." तरी चालतंय. नव्या कॉम्प्युटरवाल्यांना आम्ही त्याला हात लावू देत नाही. नेटवर्कमध्ये त्याचं नाव गोजरा दिसतं, म्हणून मंडळात सगळे तसंच म्हणतात. गोजरा चालू आहे का? गोजराला विचारा. बाहेरगावचे लोकही फोनवर विचारतात, "आमच्या पोरासाठी गोजराला विचारलं का?" त्यातल्या बऱ्याच जणांना ते नाव कुणाचं ते माहीत नाही.

मनीषाच्या आजारपणाचं मी लिहीत नाही. ती घरी होती, शेवटपर्यंत तिचं डोकं नीट होतं, आणि चटणी जात नव्हती एवढंच तिचं गाऱ्हाणं होतं.

गेल्या महिन्यात चिमाजी अण्णा घरी आले. आता काठी घेऊन चालतात. चहा झाल्यावर म्हणाले, "नाथा, राग मानू नकोस. एकटा राहतोस. तुझं नाव घालू का मंडळात?"

"नको, अण्णा."

"अरे, आता काय पिवळं पान आहे का? तुझ्या बायकोनेच घालवलं ते. गोजराला विचारून तर बघू." बोलून गेले आणि रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. ते नाव कुणाचं ते त्यांना माहीत होतं.

मी म्हणालो, "चला. तिलाच विचारू."

अण्णांना कळेना मी रागावलो की चेष्टा करतोय. मलाही नीट कळत नव्हतं. त्यांना गाडीवर मागे बसवून पंचवटीत गेलो. मंडळाचं काम बघणारा वाळू जेवायला गेला होता. मध्ये लाइट गेली होती म्हणून मशीन बंद होतं. मनीषा दाबायची ते बटण मी दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या. मग सगळं थांबलं आणि एकच ओळ राहिली. सुरुवातीला गोजरा, पुढे लॉगिन, आणि त्यापुढे लुकलुकणारी छोटी रेघ.

"काय म्हणतेय?" अण्णांनी विचारलं.

"मी गोजरा, म्हणतेय. आणि तुम्ही कोण ते विचारतेय."

अण्णांनी खिशातून काढलेला फॉर्म परत घडी करून खिशात ठेवला. मला तिथे लिहायचं नाव माहीत नव्हतं, पासवर्डही माहीत नव्हता. वाळू येईपर्यंत आम्ही दोघं तिच्यासमोर बसून राहिलो.